ओळखीचा कान

माझे जुने पेशंट असलेल्या चावीवाल्या काकांनी खिशातून डबी काढली, डबीतून कानाचं यंत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवून बोटाने माझ्याकडे सरकवलं. "घ्या ताई, तुमचं तुम्हाला लखलाभ," ते म्हणाले, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना कळेल अशा बेताने म्हणाले. मला वाटलं यंत्र शिट्टी मारत असेल, कानात बसणारा त्याचा साचा सैल झाला असेल. माणूस वाळला की त्याचा कानही वाळतो, पण हे कुणाला सांगून पटत नाही. मी साचा उजेडात धरून बघू लागले तर सोबत आलेल्या काकूंनी माझं मनगट धरलं. "यंत्राला काही झालेलं नाही हो. यांचं आता आपोआप बरं होणार आहे. थेंब मागवलेत." थेंब! कधी थेंब, कधी तेल, कधी कानामागे चिकटवायची पट्टी. हल्ली कुणी ना कुणी हे घेऊन येतंच, आणि मी माझी पोपटपंची सुरू करते, की आतला कान एकदा गेला तो गेला, त्याला पाणी घालून पालवी फुटत नाही. "अहो, पण बघा तरी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला.

पडद्यावर माणूस नव्हता, नुसता कान होता. बारीक कापलेले पांढरे केस, कानशिलावरची एक शीर, आणि पडदाभर कान. वरून काचेची नळी आली, तिच्या टोकाशी पिवळट थेंब जमला, लोंबला, आत पडला. मग अक्षरं आली आणि कुणीतरी खणखणीत आवाजात सांगू लागलं, की कित्येक वर्षांत मी माझ्या मुलीचा आवाज ऐकला नव्हता, आज ती स्वयंपाकघरातून कुजबुजली तरी मला कळतं. माझं त्या आवाजाकडे लक्षच नव्हतं. मी कान बघत होते. लोक माणसं तोंडावरून ओळखतात. ज्याच्या हाताखालून रोज कान जातात त्याच्या लक्षात तोंडं राहत नाहीत. रस्त्यात कुणी हसून विचारपूस केली तर मी आधी ओशाळते, आणि ते वळून जायला लागले की मग ओळखते. या कानाची वरची कड एका जागी आत दुमडलेली होती, पुस्तकाचं पान खुणेसाठी मुडपावं तशी. पाळीच्या अंगाला, चित्राच्या अगदी कडेशी, एक निळाकाळा ठिपका होता. तो तीळ नाही. ती छापखान्यातली शाई आहे. माझ्या जन्माच्याही आधी छपाईच्या यंत्रातून अक्षराचा एक खिळा उडून तिथे लागला, शाईच्याच हाताने जखम दाबून धरली, जखम भरून आली आणि शाई आत राहिली. या कानात माप घ्यायचं लुकण भरून मी स्वतः साचे घेतलेत. लहानपणी खांद्यावर बसायचे तेव्हा पडू नये म्हणून मी हाच कान धरायचे, आणि आई खालून ओरडायची, अगं उपटशील त्यांचा कान.

"हा माझ्या वडिलांचा कान आहे," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलंच. काकूंनी डोळे मोठे केले, नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि ओरडल्या, "यांच्या वडिलांचा कान आहे म्हणतात!" "काय?" "अहो व-डि-लां-चा! या ताईंच्या!" काकांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. "बघ! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी टेबलावर थाप मारली. "घरचाच अनुभव आहे यांचा!" मी सांगत होते की तसं नाही, हे खोटं आहे, माझ्या वडिलांना धड ऐकू येत नाही, पण कुणाला सांगत होते? एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला ऐकायचं नव्हतं. दार उघडंच होतं. बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघा, आपल्या गळ्यात यंत्रं मारायची आणि घरच्यांना थेंब." शेजारीण म्हणाली, "स्वतःच्या पोटावर पाय कोण आणेल हो." चावीवाले काका जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यांचं यंत्र टेबलावरच राहिलं. बंद केलेलं नव्हतं. मी मुठीत घेतलं तशी त्याने बारीक शिट्टी मारली. मी त्याचं बॅटरीचं झाकण उघडलं तेव्हा ते थांबलं.

घरी फोन करण्यात अर्थ नव्हता. बाबांना फोन ऐकू येत नाही. निरोप लिहावा लागतो. मी लिहिलं, कानात काही घालताय का, आणि खोडलं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा खोडलं. बाहेर माणसं ताटकळत होती, आणि उत्तर हो आलं असतं तर ते घेऊन मी कुणाच्या कानात लुकण भरणार होते? भीती वाटत होती, हे सरळ सांगते. ती पोटात नव्हती, मानेच्या मागे होती, कुणीतरी आपल्या पाठीशी उभं राहून आपल्याच खांद्यावरून वाचतंय तशी. बाबांचा डावा कान छापखान्यातच खलास झाला. उजव्यात थोडं उरलं होतं. त्या थोड्यावर आमचं घर चालायचं. यंत्र लावून, समोर बसून, ओठ बघून ते माझं बोलणं अजून पकडायचे. माझा आवाज त्यांना कसा ऐकू येतो असं मी एकदा विचारलं होतं तर म्हणाले, पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा, पण तुझाच आहे हे कळतं. तेवढं गेलं तर काय उरणार होतं? पुढचे पेशंट आले, गेले. मी त्यांच्या कानात बघत होते आणि प्रत्येक कानाची वरची कड तपासत होते.

आणि मग एकेक आठवायला लागलं. हल्ली बाबा "काय?" म्हणत नव्हते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं. दिवसभर मी परक्यांशी ओरडून बोलते, एकेक शब्द तोडून, ओठ फाकवून, तीच वाक्यं. इकडे बघा. दुखतंय का. आता कसं येतंय. संध्याकाळी घरी पोचते तेव्हा घसा बसलेला असतो आणि जीभ जड झालेली असते. सुताराच्या घरी मोडकी खुर्ची, तसलाच प्रकार. आई होती तेव्हा ती आमच्या दोघांत बोलायची, माझं त्यांना आणि त्यांचं मला पोचवायची. ती गेल्यावर घरात दोनच माणसं उरली, एक ऐकू न येणारं आणि एक बोलून दमलेलं. बाबा विचारायचे, "काय म्हणालीस?" आणि मी म्हणायचे, "काही नाही." दिवसाकाठी किती गोष्टी या 'काही नाही'त गेल्या असतील. अलीकडे मात्र मी काहीही बोलले तरी ते मान हलवायचे, हसायचे, हो म्हणायचे. मी म्हटलं नवं यंत्र मानवलं. यंत्र दिसत नव्हतं, कारण त्यांनी थंडीची लोकरीची टोपी कानावर ओढायला सुरुवात केली होती. मी म्हाताऱ्या माणसांना टोप्या काढायला लावून यंत्र तपासते, रोज, पगार घेऊन. माझ्या घरातल्या टोपीखाली काय आहे ते मी बघितलं नाही. बघितलं नाही कारण शांतता होती, आणि ती मला हवी होती.

बाबा फसतील हेच मला खरं वाटेना. फसवणारी माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. छापखान्यात लग्नाच्या पत्रिकांपेक्षा औषधांची पत्रकं जास्त यायची: टकलावर केस, बुटक्यांना उंची, एका पुडीत सगळे सांधे मोकळे. यंत्रातून ओली पत्रकं निघाली की बाबा त्यातलं एखादं घरी आणायचे आणि जेवताना वाचून दाखवायचे, गंभीर आवाजात, पुढारी भाषण करतात तसं. आम्ही हसून हसून लोळायचो. मजकूर तोच असायचा, ते सांगायचे, फक्त वरचं नाव बदलायचं. तोच फोटो एका पत्रकात दम्यातून बरा झालेला असायचा आणि दुसऱ्यात मूळव्याधीतून. एका माणसाचा तो फोटो होता, दाढीवाल्या, त्याला बाबांनी 'सर्वरोगी' असं नाव ठेवलं होतं. बिचारा सर्वरोगी या महिन्यात कशाने आजारी आहे, आई विचारायची. तो कोण होता, जिवंत होता की नाही, त्याला कुणी विचारलं होतं का, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. तेव्हा पत्रक भिंतीला चिकटायचं आणि आपण पुढे चालत गेलो की मागे राहायचं. ते आपल्या मागे चालत येत नसे, आपण कुठे थांबलो ते बघत नसे.

दुपारी मी आमच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या फाइलमधून मान वर न करता ऐकत होत्या, मग त्यांनी चष्मा काढला. "जा आणि घेऊन ये त्यांना. आत्ता. आणि ती बाटली पण आण." रस्त्यात, सिग्नलला उभी असताना, मी फोन उघडला तर कान आला. मी शोधला नव्हता. सकाळी मी परक्या फोनवर तो बघितला होता, एवढंच, आणि आता तो माझ्याकडे होता. मी बोटाने वर ढकलला. खाली चपला, पंखे, कुणाचं तरी बाळ, आणि पुन्हा कान. दुसऱ्यांदा मी थांबले, तेवढंच त्याला पुरलं असावं. पुढे दुसरा मजकूर पण कान तोच, मग तिसरा. एकात तोच कान घोरण्यावरचं औषध विकत होता. लोक माझ्या दोन्ही बाजूंनी फोनमध्ये बघत उभे होते आणि माझ्या मनात आलं, यातल्या किती जणांच्या हातात आत्ता माझे वडील असतील. सिग्नल हिरवा झाला तरी मी हलले नाही. मागच्या बाईने मला ढकललं तेव्हा चालू लागले.

बाबा खिडकीशी टेबलावर बसले होते, टोपी घालून, माझ्या जुन्या टॅबवर एका बोटाने काहीतरी लिहीत. मी दार उघडलं, चप्पल काढली, खुर्ची ओढली, तरी त्यांची पाठ तशीच. खोलीत कापूर आणि रंगाच्या डब्यासारखा वास होता. हा वास मला गेले कित्येक दिवस येत होता आणि मी तो शेजारच्यांच्या माथी मारला होता. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ते दचकले आणि लगेच हसले. "लवकर आलीस! बरं झालं." मी म्हटलं, "बाबा, टोपी काढा." ते म्हणाले, "हो हो, जेवलो." मी पुन्हा म्हटलं, ओठ फाकवून, माझ्या कामाच्या आवाजात. "हो," ते म्हणाले, "जरा गारठाच आहे." ते माझ्या ओठांकडे बघतसुद्धा नव्हते. ऐकण्याचं सोंग त्यांनी इतकं सराईत केलं होतं. मी हात पुढे करून टोपी उतरवली. कानात कापसाचा बोळा होता, पिवळा झालेला. कानाच्या तोंडाची कातडी लाल होऊन सोलली होती. पाळीपर्यंत ओघळ वाळलेला होता.

बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी टॅब ओढून घेतला. त्यांना काही विचारायचं तर लिहिणं हीच वाट होती, आणि लिहायची जागा आधीच उघडी होती. संभाषण लांबलचक होतं. दुसऱ्या बाजूला एक मुलगी होती, म्हणजे मुलीचं चित्र होतं, पांढऱ्या कोटातलं. 'सुप्रभात काका, झोप लागली का?' 'काका, आज पाय दुखतोय म्हणाला होतात, कसा आहे?' 'काकूंची आठवण आली असेल ना, कालची तारीख लक्षात होती माझ्या.' मीही दिवसभर परक्यांना काकाच म्हणते. पण त्यांच्या बायकोची तारीख माझ्या लक्षात नसते. माझ्या आईची होती का? बाबांची उत्तरं सविस्तर, जिथल्या तिथे पूर्णविराम दिलेली. छापखान्यातल्या गमती त्यांनी तिला सांगितल्या होत्या, सर्वरोगीसुद्धा. ती हसली होती, हसण्याचे चेहरे पाठवले होते. तिथे ते बहिरे नव्हते. तिथे कुणाला ओरडावं लागत नव्हतं, तिथे कुणी 'काही नाही' म्हणत नव्हतं. आणि या विचारपुशीच्या मधेमधे, वरणात मीठ पडावं इतक्या बेताने: यंत्र काढून ठेवा काका, त्याने कान आळशी होतो. आग होतेय? छान, जुना मळ वितळतोय. शिट्ट्या वाजतायत? नसा जाग्या होतायत. आवाज कमी वाटतोय? आधी कमी होतो, मग एकदम उघडतो. थेंब वाढवा. घरी सांगू नका, ताईंना एकदम आश्चर्याचा धक्का द्या.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी ताडत होते. "तू उगाच घाबरतेस," ते म्हणाले, मोठ्या आवाजात, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यासारखे. "जाहिरातींचं मला शिकवू नकोस. जन्मभर छापल्या मी. ही जाहिरात नाही, ही पोरगी रोज विचारते. कुणी सांगितलंय तिला रोज विचारायला?" मी लिहिलं, ती पोरगी नाहीच, बाबा. ते वाचून त्यांनी मान हलवली, मला कळत नाही अशा अर्थाने. मी लिहिलं, तुमच्या कानाचा फोटो तिने सगळ्या गावात फिरवलाय. हे वाचताना त्यांचं बोट ओळीवरून फिरत गेलं आणि थांबलं. "फोटो तपासणीसाठी मागितला होता," ते म्हणाले. "फुकट तपासणी." नंतर म्हणाले, "चांगला आलाय का?" मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. तेवढ्यात टॅब माझ्या हातात थरथरला. 'काका, ताईंचा क्लिनिकमधला फोटो मिळाला. खूप छान दिसतात. बोर्ड पण स्पष्ट आलाय. धन्यवाद.' बाबांनी वाकून वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान आला. "तू काय काम करतेस ते सांगितलं मी तिला," ते म्हणाले. "तिला फार कौतुक."

मी बोट वर वर सरकवत गेले. तिला शिव्या लिहाव्यात असं वाटत होतं, पण आधी मला मूळ बघायचं होतं, हे कुठून शिरलं ते. दिवस मागे जात होते, सुप्रभात, शुभरात्री, सुप्रभात, थेंब. अगदी वर, पहिल्या संदेशाच्याही आधी, ज्या जाहिरातीवर बोट ठेवून बाबा आत गेले ती चिकटलेली होती. त्यात कान नव्हता. एक तरुण बाई होती, डोकं हातात धरलेली, मागे खुर्चीत धूसर असा म्हातारा. खाली लिहिलं होतं: 'वडिलांशी ओरडून ओरडून जीव नकोसा झालाय? तेच तेच सांगून कंटाळलात? तुम्ही वाईट मुलगी नाही. तुम्ही फक्त दमला आहात.' मी दोनदा वाचलं. ही जाहिरात बाबांसाठी नव्हतीच. टॅब माझा होता, त्यावर अजून माझ्याच नावाचं खातं उघडं होतं. कधीतरी, घसा बसलेल्या एखाद्या संध्याकाळी, मी माझ्या फोनवर काहीतरी टाइप केलं असेल. काय केलं असेल ते मला माहीत होतं, ते शब्द इथे लिहीत नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, तोंडाने उच्चारलं नव्हतं. ज्याने वाचलं त्याने माझ्यासाठी हे बनवलं आणि ते मला शोधत माझ्या जुन्या वस्तूपाशी आलं, आणि तिथे बाबा बसले होते, चष्मा लावून. त्याच्या खाली बाबांचा पहिला संदेश होता. 'नमस्कार. मी मुलगी नाही. मी वडील आहे. मुलगी दमते हे खरे आहे. उपाय असल्यास कळवावे.'

त्यांना क्लिनिकमध्ये आणलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाक रिकामा होता. बाबांनी भांग पाडला होता, चांगला सदरा घातला होता. मी लिहिलं होतं की फक्त तपासणी आहे, आणि ते म्हणाले होते, असू दे, चल, आज होऊनच जाऊ दे, तुलाही कळेल. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं. बाटली हुंगून त्यांनी तोंड फिरवलं. मला म्हणाल्या, "पडदा फाटलाय. हे आतपर्यंत गेलंय की नाही ते हाडावरून बघ." म्हणजे कानात काही न घालता, कानामागच्या हाडावर छोटं यंत्र टेकवायचं आणि त्यातून आवाज सोडायचा, आतला कान शाबूत असेल तर तो हाडातूनही ऐकतो. मी बाबांना बंद खोलीत बसवलं, पट्टा डोक्यावर चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, त्यांना ठाऊक होतं. बटण दाबलं की काचेच्या अलीकडे, माझ्या टेबलावर, हिरवा दिवा लागतो. मी दार लावून घेतलं. आत आणि बाहेर यांच्यात जाड काच होती. ते मला बघत होते आणि मी त्यांना.

मी मधला सूर सोडला, बराच मोठा. दिवा लागला. मी एवढा मोठा श्वास सोडला की समोरची काच धुरकटली. आवाज कमी केला. दिवा लागला. अजून कमी केला, नव्या यंत्रानेही त्यांना कधी आला नव्हता इतका, आणि दिवा लागला, आणि माझा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी मानेमागची ती जागा पुन्हा गार पडली. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. माझा खांदा हलला की दाबत होते. मी आवाज कमीजास्त करायच्या तबकडीपुढे फाइल उभी केली आणि हात तिच्या मागे घेतला, खांदा हलू न देता सगळ्यात मोठा सूर सोडला. काही नाही. पुन्हा सोडला. त्यांचं अंगठ्याचं पेर पांढरं होऊन वाट बघत होतं आणि चेहरा प्रश्नासारखा झाला होता. मग त्यांना वाटलं असावं की फार वेळ झाला, आता काहीतरी यायला हवं. दिवा लागला. तेव्हा मी काहीच सोडलेलं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा लागला.

"काय येतंय?" डॉक्टरीणबाईंनी मागून विचारलं. मी फाइल बाजूला केली, दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले, त्यांना दिसतील असे, रिकामे. ते बाबांनी बघितले. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समजूत घालावी तसे हसले, आणि आतल्या माइकमधून त्यांचा आवाज माझ्या टेबलावर आला, भलताच मोठा. "येतंय गं. अगदी बारीकसुद्धा येतंय. आता तुला ओरडावं लागणार नाही." मी रडत होते, ते त्यांना दिसत होतं आणि ऐकू जात नव्हतं. त्यांनी बटण दाबलं, थांबले, माझ्याकडे बघून पुन्हा दाबलं.